रहस्यकथेची पोथी

सलग झोडपून झाल्यावर आज पावसाने जरा उसंत घेतली, तशी मी कपाटातली पुस्तकं ऊन दाखवायला खळ्यात, घरापुढच्या अंगणात, काढली. आमच्या देवबागेत एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आम्ही. श्रावण लागेपर्यंत घरातली एकही वस्तू धड कोरडी राहत नाही. मिठाला पाणी सुटतं, माचीस ओढून ओढून हात दुखतो, आणि पुस्तकं फुगून दुप्पट होतात. नवऱ्याची होडी पाऊस लागल्यापासून माडाच्या झापांखाली आडवी पडली आहे. तिच्यावरच जुनं लुगडं पसरून मी पुस्तकं ओळीने मांडली.

पावसाळ्यात आमच्या पाहुण्यांच्या खोल्या रिकाम्याच असतात. यंदा मात्र पुण्याची सई नावाची मुलगी लॅपटॉप घेऊन राहायला आली आहे. पावसात भिजायची तिला हौस नाही, तिला फक्त त्याचा आवाज हवा आहे. ती चहाचा कप घेऊन खळ्यात आली, पुस्तकं न्याहाळू लागली आणि एका जाड पुस्तकाशी थबकली.

"काकी, ह्या हीरोला कुंकू कोणी लावलं?"

मुखपृष्ठावर एका मालिकेतल्या देखण्या इन्स्पेक्टरचा फोटो आहे. हातात विजेरी, मागे अंधारातलं घर, कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह. त्याच्या कपाळावर बरोब्बर मधोमध हळदीचं एक बोट आणि त्यावर कुंकवाचं. इतक्या पावसाळ्यांत हळद फिकी झाली, कुंकू मात्र पक्कं बसलं आहे.

"आमच्या सासूबाईंनी," मी म्हटलं. "ती आमची पोथी आहे. तिथंच राहू दे."

सईला वाटलं मी थट्टा करते. मी भात बघायला आत आले, पण भाताकडे लक्ष लागेना. मन जाऊन बसलं त्या श्रावणात.

तो श्रावण मला जिभेवर आठवतो. टाकळ्याची भाजी, तिच्यावर भुरभुरलेलं खोबरं, फणसाच्या आठळ्या घातलेलं अळू. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी सासूबाई सुक्या मासळीचा डबा फडक्यात बांधून माळ्यावर ठेवायच्या, आणि महिनाभर त्याच्याकडे मान वर करून बघायच्यासुद्धा नाहीत. त्या वर्षी मात्र डबा वर चढवताना त्या अर्ध्या शिडीवर थांबल्या. दम लागला होता. मी खालून डबा धरला, त्यांनी एका हाताने शिडी धरली, आणि आम्ही दोघी काही न बोलता तशाच उभ्या राहिलो.

काही न बोलणं हे आमच्या दोघींचं जुनंच. मी पिंगुळीकडची, घाटाच्या बाजूला तोंड असलेल्या गावातली. लग्न होऊन ह्या वाळूवर आले तेव्हा मला मासे नीट साफ करता येत नव्हते. सासूबाईंनी एकदाही टोमणा मारला नाही. माझ्या हातातून कोयता काढून घ्यायच्या आणि स्वतः करायच्या. त्यापेक्षा त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडण कधी झालं नाही, पण घरातली माणसं जशी उगीचच काहीबाही बोलत असतात तसं बोलणंही झालं नाही.

आम्हाला बोलायला लावलं ते एका मालिकेने. 'मागीलदार' तिचं नाव. किनाऱ्यावरच्या एका मोठ्या घरातला कर्ता मुलगा विहिरीत सापडतो आणि त्याला कोणी ढकललं ते कोणालाच कळत नाही, अशी गोष्ट. त्यात भागी नावाची एक म्हातारी होती. त्या घराच्या दूरच्या नात्यातली, कधीची आश्रयाला आलेली. दिवसभर मागीलदारी बसून ती माडाच्या हिरांची झाडणी बांधायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायची. बोलायची एखादंच वाक्य. सासूबाईंचा जीव त्या भागीवर जडला. "ती बघ, तिना बघितल्यान," त्या मला कोपर मारून सांगायच्या. मी म्हणायची, "आई, तिका काय एक दिसाक नाय." मग मालिका संपल्यावर भांडी घासताना आमचा वाद चालायचा. किती वर्षांनी त्या घरात दोन बायकांचा आवाज ऐकू येत होता.

आणि मग एका शुक्रवारी भागी मागीलदारी उभी राहिली, तिचा सुरकुतलेला चेहरा अख्ख्या पडद्यावर आला आणि ती म्हणाली, "माका म्हायत आसा." सोमवारी त्या वेळेला तिथे गाण्यांची स्पर्धा सुरू झाली. वाहिनीने मालिका आवरती घेतली होती, कोणालाही काही न सांगता. सासूबाई आठवडाभर दिवेलागणीला टीव्हीसमोर बसून राहिल्या. स्पर्धेतली लहान लहान मुलं बेंबीच्या देठापासून गात होती आणि ह्या त्यांच्याकडे रागाने बघत होत्या.

"तिका सांगाचा होता," त्या म्हणाल्या. "बायलमाणसाक म्हायत आसता तेव्हाच नेमकी लाईट जाता."

त्याच पावसाळ्यात कुडाळच्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं की सासूबाईंच्या हृदयाची झडप निकामी होत चालली आहे. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात न्या, झडप बदलतील, पण उशीर करू नका. विहिरीवरून येताना त्या थांबतात ते मी बघत होतेच. पावलांवर सूज यायची. तेल चोळताना माझं बोट रुतलं की तिथे खड्डा पडायचा आणि तो भरायला वेळ लागायचा. तो भरेपर्यंत मी दुसऱ्या पावलाला हात लावायची नाही.

त्यांनी मात्र गोव्याचं नाव काढू दिलं नाही. सासऱ्यांना असंच एकदा गोव्याला नेलं होतं. खिशात तंबाखूची डबी घेऊन ते गाडीत पुढे ताठ बसले होते, "सोमवारी येतंय" म्हणाले होते, आणि सोमवारी आलेही, पण पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेले. तेव्हापासून सासूबाईंचं एकच म्हणणं, की गोव्याला माणसं उभी जातात आणि आडवी येतात. नवऱ्याने, म्हणजे त्यांच्या बाबलने, समजावून बघितलं, चिडून बघितलं. त्या आधी नागपंचमी म्हणाल्या, मग नारळी पुनव म्हणाल्या. सण काय, एकामागून एक रांगेत उभेच असतात.

शेवटी बाबलने कुडाळच्या स्टँडवरून ते पुस्तक आणलं. 'मागीलदार'ची कादंबरी. मागे ठळक छापलं होतं की मालिकेत न उलगडलेलं रहस्य ह्यात उलगडलं आहे. आईला लाच द्यायची होती त्याला. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "आये, ह्या तुका वाचून दाखवतली नंदा. भागीक काय म्हायत होता ता सगळा आसा ह्याच्यात. मगे ऐकशीत माझा?"

"बघू," सासूबाई म्हणाल्या. नाही म्हणाल्या नाहीत, हेच आम्हाला पुष्कळ वाटलं.

त्या संध्याकाळी घडलं ते कोणी ठरवून केलं नव्हतं. दर श्रावणात आमच्या घरी पोथी वाचतात. आधी सासरे वाचायचे, त्यांच्या माघारी मी. त्या वर्षी पोथीची पानं सुटली म्हणून मोठ्या दिरांनी ती बांधून घ्यायला मुंबईला नेली होती, आणि देवासमोरचा पोथीचा पाट रिकामाच होता. वीज गेली. पुस्तक वाचायचं तर उजेड हवा, म्हणून मी समई पेटवली. पुस्तक मांडीवर जड होत होतं, म्हणून पाटावर ठेवलं. इतक्यात सासूबाई पाय धुऊन आल्या. अंधुक उजेडात त्यांना दिसलं ते एवढंच की समई तेवते आहे, पाटावर काहीतरी उघडायचं आहे आणि सून समोर बसली आहे. हात आपोआप चालले. कोयरीतून हळदकुंकू घेतलं, बोट टेकवलं, परसातलं तेरड्याचं फूल वर ठेवलं आणि हात जोडले. डोळे उघडल्यावर त्यांना इन्स्पेक्टर दिसला.

मला हसू आवरेना. त्या हसल्या नाहीत. कुंकवाकडे बघत म्हणाल्या, "आता काय करतलंव? दिवो लागलो. फूल पडला."

पोथी एकदा मांडली की मध्येच टाकत नाहीत. रोज एकच अध्याय, आणि समाप्ती होईपर्यंत घरच्या माणसाने गावाची शीव ओलांडायची नाही, अशी आमच्या घरातली रीत. हे त्यांच्या आधी लक्षात आलं की माझ्या, कोण जाणे. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनाही कळलं की गोवा आता शिवेपलीकडे गेला.

बाबल डोकं धरून बसला. "आये गो, ता पुस्तक काय देवान लिवलेला नाय."

"दिवो तर देवाचो आसा," त्या म्हणाल्या.

मला त्यांचं पटलं नाही, पण अगदीच वेडेपणा आहे असंही म्हणवेना. माझ्या माहेरी चित्रकथी बघितली होती मी. कथेकरी एकामागून एक चित्र दाखवत जायचा, आणि त्या चित्रांच्या गठ्ठ्यालाही पोथीच म्हणायचे. त्याच्या बाजूला बसलेला माणूस प्रत्येक वाक्याला होकार भरायचा. तो होकार आला की मगच पुढची ओळ. लहानपणी मला वाटायचं, तो माणूस एखाद दिवशी गप्प बसला तर चित्रातले सगळे जण आहेत तिथेच उभे राहतील.

सासूबाईही तसाच होकार भरायच्या. भिंतीला टेकून, सुजलेली पावलं पाटावर ठेवून. मी वाक्य वाचलं की त्या "व्हय" म्हणायच्या. ऐकलं, कळलं, पुढे जा, एवढं सगळं त्या 'व्हय'मध्ये असायचं. बाहेर समुद्राची गाज, वर कौलांवर पाऊस, आणि मध्ये त्यांचा तो बारीक, दमलेला 'व्हय'. आज इतक्या वर्षांनी पुस्तकातलं फारसं आठवत नाही, पण त्या 'व्हय'चा सूर कानात अजून जसाच्या तसा आहे.

पुस्तक मात्र वाईट होतं. हे इतक्या उघडपणे सांगायला नको, कोणीतरी बसून ते लिहिलं असणार. पण लिहिणाऱ्याने मालिका बघितली होती की नाही याचीच मला शंका यायची. माणसांची नावं तीच होती, आत माणसं नव्हती. मुंबईहून आलेला इन्स्पेक्टर पानापानावर कॉफी प्यायचा आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वीज कडाडून खिडकीत एक सावली दिसायची. "ह्याच्या गावात वीज लय पडता," सासूबाई म्हणाल्या. श्रावणी सोमवारी त्या घरात ताजे बांगडे तळले जात होते. तेव्हा त्यांनी 'व्हय' म्हटलं नाही, नुसता उसासा सोडला.

मागीलदाराचं तर त्याने पार वाटोळं केलं. आमच्याकडे मागीलदार म्हणजे नुसतं दार नव्हे. विहीर, धुण्याची दगडी, अळवाचं बेट, मासे साफ करायची जागा, कोंबड्यांचं खुराडं, शेजारणीचं हाक मारणं, सगळं मिळून मागीलदार. घरातल्या बायकांचं हसणं आणि रडणं दोन्ही तिथेच होतं, कारण पुढल्या खळ्यात पुरुष बसलेले असतात. कादंबरीत त्याची झाली होती एक कडी लावलेली फळी, खुन्याला पळून जाता यावं म्हणून ठेवलेली. आणि भागीची झाली होती 'एक वृद्ध नोकराणी'. एका ठिकाणी ती म्हणाली, "माका ठावूक आसा, मी बघितलो."

सासूबाईंनी मला थांबवलं. "काय म्हणाली?"

"मी बघितलो."

"म्हातारो झालो काय गो तिचो?"

त्या संध्याकाळी आम्ही दोघी इतक्या हसलो की त्यांना ठसका लागला आणि मला पुस्तक बाजूला टाकून त्यांची पाठ चोळावी लागली. हसणं थांबलं तरी त्यांचा श्वास काही केल्या जागेवर येईना. हाताला त्यांच्या बरगड्यांचा सगळा पिंजरा लागत होता. मी घाबरले. मला माझ्या आईचं काही करता आलं नव्हतं, ती मी सासरी असतानाच गेली, आणि ह्या बाईशी तर आत्ता कुठे बोलायला लागले होते. ही मला हवी होती, हे मला त्या क्षणी स्पष्ट कळलं.

त्यानंतर मी ते पुस्तक संपवायच्या मागे लागले. दिवसाला दोन अध्याय वाचू म्हटलं तर त्या ऐकेनात, रोज एकच. एकदा वाचता वाचता मी चार पानं एकदम उलटली. त्यांनी 'व्हय' म्हटलं, थोडा विचार केला आणि विचारलं, "आज वीज पडाक नाय. पानां गाळलंस काय गो?" मला मुकाट्याने मागे जावं लागलं, आणि वीज पाडून यावं लागलं.

वाईट पुस्तक माणूस का सोडत नाही, याचा मी तेव्हा पुष्कळ विचार केला. फसवले गेलो हे पहिल्या काही पानांतच कळतं. तरी वाटत राहतं की शेवटी तरी काही असेल. इतकं वाचलं ते फुकट कशाला जाऊ द्या. आमच्या बाबतीत तर ते पुस्तक चांगलं असतं तर लवकर संपलं असतं. ते वाईट होतं, रेंगाळत होतं, आणि सासूबाईंना त्याचा तो रेंगाळणारा वाईटपणाच हवा होता. त्याच्या पानांआड त्या बसल्या होत्या. बाबल रोज जेवताना विचारायचा, "किती रवला?" आणि मी पुस्तकाची उरलेली जाडी बोटांनी दाखवायची. जाडी कमी होत होती. पावलांवरची सूज मात्र पोटरीपर्यंत चढली होती.

मग ती संध्याकाळ आली. पावसाने जोर धरला होता. समुद्राचं पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलं म्हणून बाबल होडीचे दोर आवळायला गेला होता. मी समई लावली, फूल वाहिलं, आणि वाचायला घेतलं. इन्स्पेक्टरने सगळ्यांना ओटीवर जमवलं होतं. भागी आत होती. दिवे लागले होते. पुढचं वाक्य मी वाचलं: "भागीने मागच्या दाराची कडी काढली आणि अळवाची पानं खुडायला ती पावसात बाहेर पडली."

'व्हय' आलं नाही.

मी मान वर केली. सासूबाई ताठ बसल्या होत्या. "परत वाच," म्हणाल्या. मी परत वाचलं.

"दिवे लागल्यार पानाक कोण हात लावता गो?"

आमच्याकडे कोणीच लावत नाही. सूर्य मावळला की झाडं झोपतात, पान खुडायचं तर उजेडी. हे देवबागेतल्या शेंबड्या पोरालासुद्धा सांगावं लागत नाही.

"लिवणाऱ्याक म्हायत नसतला, आई," मी म्हटलं.

"तेका म्हायत नाय. पण भागीक म्हायत आसा." त्यांचा आवाज अगदी हळू होता. "भागी आपणान भायर जावची नाय. तेनाच तिका भायर काढल्यान. मेल्याचो तिका मारूचो इचार आसा."

पुढची ओळ दिसू नये म्हणून मी त्या उघड्या पानावर तळवा ठेवला. त्या म्हणाल्या तसंच असणार हे मलाही कळलं. भागीला काही माहीत होतं, म्हणून तिला मारायचं. आणि मारायचं तर तिला अंधारात बाहेर काढायला हवं होतं.  सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं. इतक्या पावसाळ्यांत मी त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलं नव्हतं, सासरे गोव्याहून आडवे आले तेव्हाही नाही.

"माका नाय आयकूचा," त्या म्हणाल्या. "बंद कर."

"आणि पोथी?"

त्या भिंतीला धरून उठल्या, देवासमोर उभ्या राहिल्या. गाऱ्हाणं घालायचं ते पुरुषांनी, देवळात, मोठ्या आवाजात. आमच्याकडच्या बाईला मी कधी गाऱ्हाणं घालताना बघितलं नव्हतं. सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि दम घेत घेत सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा. ही पोथी आमी अजाणतेपणी मांडली. दिवो लावलो, फूल घातला. आज ती हयसरच थांबयतंव. तेचो दोष ह्या वाचणाऱ्या पोरीक लावन घेव नको, माझ्या झिलाक लावन घेव नको. आणि ती भागी म्हातारी भायर पावसात उभी आसा, तिच्यावर नजर ठेव. तिका घरात घे रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायला माणसं लागतात. घरात मी एकटीच होते, आणि बाईने ते म्हणायचं असतं की नाही हे मला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला, "व्हय म्हाराजा." बाबल तिथे उभा होता, नखशिखांत भिजलेला, हातात दोर. कधीचा उभा होता कोण जाणे. मग मीही म्हटलं.

सासूबाईंनी ताजं तेरड्याचं फूल त्या पानात ठेवलं, पुस्तक मिटलं आणि बाबलकडे वळल्या. "उद्या गाडी सांग. तिका मी वाचवलंय. आता माका न्हेवा."

पोथी थांबली म्हणजे आता सबबही संपली, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. भागीला बाहेर ठेवून आपण आत बसायचं, नाहीतर तिला आत घेऊन आपण बाहेर पडायचं. त्यांनी बाहेर पडायचं ठरवलं. मी बॅग भरत होते आणि त्या मला सांगत होत्या, शेजारणीला अळवाच्या बेटाकडे लक्ष ठेवायला सांग, कोंबड्या डांबायला सांग, माळ्यावरचा डबा उतरवू नको. 

पाऊस फाडत गाडी गेली. पिंगुळी मागे पडली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तुझ्या आवशीचा घर खंय?" मी माहेराच्या दिशेला हात केला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं. इस्पितळात सगळे कोकणी बोलत होते, त्यामुळे त्या जरा सैलावल्या. पण आत न्यायच्या आधी, त्या हिरव्या कपड्यात अगदी एवढ्याशा दिसत असताना, त्यांनी माझं मनगट पकडलं.

"भागी खंय आसा?"

"घरात आसा, आई."

"फूल काढू नको."

मी दाराबाहेर बसले. त्या बाकावर मला सासऱ्यांची तंबाखूची डबी आठवत राहिली आणि मी देवाला काय काय कबूल केलं ते मी कोणाला सांगणार नाही. दार उघडलं तेव्हा डॉक्टर हसत होते.

चतुर्थी उलटून गेल्यावर आम्ही त्यांना घरी आणलं. गाडीतून उतरल्या आणि खळ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "उभी गेलंय, बसान इलंय." शेजारणी हसल्या, रडल्याही. मग चुलीशी पहिल्यांदा बसल्या त्या दिवशी मी सहज विचारलं, "आई, आता वाचूया काय उरलेला? नुसती म्हायती म्हणान."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विहिरीत दगड टाकायला निघाले आहे. "नको गो बाय. तू वाचलंस नाय म्हणान ती वाचली."

पुढची वर्षं चांगली गेली. आम्ही दोघी कशावरूनही बोलायला लागलो होतो. पाहुण्यांवरून, कोंबड्यांवरून, माझ्या माशांच्या आमटीत चिंच जास्त झाली त्यावरून. कोयता त्या माझ्या हातातून काढून घ्यायच्या नाहीत, समोर बसून चुका काढायच्या, आणि मला ते फार आवडायचं. अळवाची पानं खुडून आणली की कधी कधी म्हणायच्या, "भागीनय आता खुडली आसतली. उजेडी." कादंबरीतल्या त्या म्हातारीचा दिवस आमच्या दिवसाबरोबर चालला होता.

ह्या वैशाखात त्या गेल्या. मागीलदारी आमसुलं वाळत घालताना. रतांब्यांनी बोटं लाल झालेली, पाठ विहिरीला टेकलेली. मी आतून हाक मारली, उत्तर आलं नाही. झडपेने पुष्कळ साथ दिली, डॉक्टर म्हणाले. त्यांचं खरं असेल. मला मात्र अजून राग येतो, कोणावर ते कळत नाही.

हा त्यांच्याशिवायचा पहिला श्रावण. मुंबईहून बांधून आलेली खरी पोथी मी रोज वाचते. एक अध्याय. वाक्य संपलं की थांबते आणि मग पुढे जाते, नुसत्या पावसाच्या आवाजात.

भात उतरवून बाहेर आले तर आभाळ पुन्हा भरून आलं होतं. पुस्तकं गोळा करायला धावले. सईने बरीचशी पडवीत आणून ठेवली होती, आणि ती स्वतः कुंकू लागलेलं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती, अगदी शेवटच्या पानाशी.  सुकून कागद झालेलं तेरड्याचं फूल जमिनीवर पडलं होतं.

"काकी, मी शेवट बघितला," ती उत्साहाने म्हणाली. "त्या म्हातारीचं काय होतं माहिते—"

"नको गो," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "नको सांगू."

ती गोंधळली. बिचारीची काय चूक. मी तिच्याजवळ बसले, पुस्तक हातात घेतलं. फूल कुठल्या पानात होतं हे तिला सांगता येईना, सारखं सॉरी म्हणत राहिली. मला पान शोधायची गरज नव्हती. कागदावर त्या फुलाचा पिवळट डाग पडलाय, बोट आपोआप तिथे गेलं. पलीकडच्या पानाकडे बघायचं नाही म्हणून मी ते तळव्याने झाकलं.

पाऊस सुरू झाला. परसात जाऊन मी तेरड्याचं ताजं फूल आणलं आणि पानात ठेवलं. मग ते एकच वाक्य मोठ्याने वाचलं. भागीने मागच्या दाराची कडी काढली आणि अळवाची पानं खुडायला ती पावसात बाहेर पडली.

सवयीने थांबले. सई माझ्या तोंडाकडे बघत होती. मग मीच 'व्हय' म्हटलं आणि पुस्तक मिटलं.